मला वेळ देणाऱ्या चौघी

स्मरणिका समितीचे पत्र हाती आले, तेव्हा वसतिगृहाविषयी काय लिहावे हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. माझ्या कपाटात एक जुनी वस्तू आहे. अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, तिच्या आतील बाजूस चिकटवलेला नमदा, सायकलच्या चाकाची एक तार, मऊ चामड्याच्या दोन कड्या आणि वितळून त्या तारेला चिकटून बसलेले रबरबँड. घरी येणाऱ्या पाहुण्यांना ते मुलांनी अर्धवट सोडलेले एखादे खेळणे वाटते. ती एक गतिशील आधारपट्टी आहे. रुग्णालयात तिला डायनॅमिक स्प्लिंट म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर किंवा इजेनंतर आखडलेला सांधा पुन्हा हलता करण्यासाठी ती वापरली जाते. १९९७ च्या जानेवारीत ती माझ्या उजव्या हातावर चढली आणि मे अखेरपर्यंत राहिली.

आज मी व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून स्वतः अशा पट्ट्या तयार करते. त्यांचे शास्त्र मी पुस्तकांतून आणि गुरुजनांकडून शिकले. परंतु ती पट्टी कोणाच्या बळावर काम करते, हे मात्र मला आपल्या वसतिगृहातील चार मुलींनी शिकवले. त्याची कोठेतरी नोंद व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. बीड जिल्ह्यातील आमच्या गावातून दसरा झाला की अर्धी घरे कुलपे लावून फडावर जात. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल त्या कोयत्याने हंगामभर राबून फेडायची. एक दिवस काम चुकले तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून वळते होतात. मुलगी सोबत नेली तर तीही मोळ्या बांधायला लागते आणि शाळा सुटते, हे वडिलांनी थोरल्या बहिणीच्या बाबतीत पाहिले होते. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. पाचवीत त्यांनी मला आपल्या शाळेत आणून सोडले, ते याच कारणासाठी.

दहावीच्या वर्षी, १९९६ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी सांगली जिल्ह्यातील एका फडावर आईवडिलांकडे गेले. पहाटेचे धुके होते. माय पुढे तोडत होती आणि मी मागे मोळ्या बांधत होते. एक ऊस आडवा पडला म्हणून मी तो ओढायला हात पुढे केला, आणि त्याच क्षणी मायचा कोयता खाली आला. उजव्या हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी, वार बसला. ही दोन्ही बोटे सरळ करणाऱ्या शिरा, ज्यांना वैद्यकात स्नायुबंध म्हणतात, तुटल्या होत्या.

जवळच्या गावातील रुग्णालयात त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली होती, हे मी आज जाणतेपणी सांगू शकते. स्नायुबंध नीट जोडले होते. हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये ठेवला होता. चार आठवड्यांनी पुन्हा दाखवायला यायचे, हे घरी जाताना दिलेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलेले होते. तोंडी मात्र कोणी काही सांगितले नाही. तो कागद दादांच्या खिशात राहिला, टोळी दुसऱ्या फडावर गेली आणि मी प्लास्टरसह वसतिगृहात परतले. अधीक्षिकाबाईंनी विचारले, तेव्हा मी म्हणाले, "दादा येतील आणि काढून आणतील." दादा येऊ शकले नाहीत. सातवा आठवडा उलटला तेव्हा बाईंनीच मला एस.टी.त बसवून शहरातील मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले आणि प्लास्टर कापून घेतले.

आतून निघालेला हात माझा वाटत नव्हता. मनगट काडीसारखे झाले होते आणि कातडीचे पापुद्रे सुटत होते. बोटे टोकापाशी थोडीफार हलत होती. परंतु मुठीच्या उंचवट्यांचे सांधे, जिथून बोट तळहाताकडे झुकते, ते जागचे हलत नव्हते. तर्जनी आणि मधले बोट फळीसारखे सरळ. डॉक्टरांनी कोनमापकाने मोजले. निरोगी हातात हा सांधा सुमारे ९० अंश वाकतो. माझा २० अंशांवर थांबत होता. पेन धरायला गेले तर ते दोन बोटांमधून निसटून खाली पडे. परीक्षेला दोन महिने उरले होते.

असे का झाले, हे मला पुढे कळले. मुठीच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना अस्थिबंध असतात. बोट सरळ असताना ते सैल पडतात आणि बोट वाकले की ताणले जातात, कारण हाडाचे टोक गोल नसून किंचित लंबगोल आकाराचे असते. हे अस्थिबंध सैल स्थितीत अनेक आठवडे स्वस्थ राहिले की त्या लांबीलाच आखूड होऊन बसतात. मग बोट वाकवायला त्यांच्याजवळ जागाच उरत नाही. त्यात भर म्हणून जखमेचा व्रण खाली स्नायुबंधाला आणि वर कातडीला चिकटतो. शरीर जखम भरून काढताना हा भाग आणि तो भाग असा भेद करीत नाही. जे जवळ आहे आणि हलत नाही, ते सारे ते एकत्र सांधून टाकते.

गावाकडून निरोप आला, की तेल लावून जोराने चोळावे आणि दोघांनी धरून बोटे मोडून वाकवावीत. पुष्कळांना असाच सल्ला मिळतो, म्हणून येथे थांबून सांगते. आखडलेल्या सांध्यावर बळजबरी केली की आतील ऊती फाटतात, सूज येते आणि त्या सुजेतून आणखी व्रण तयार होतो. लहान मुलांच्या कोपराच्या अस्थिभंगानंतर जोरात मालिश केल्यामुळे स्नायूत नवीन हाड तयार होऊन कोपर कायमचे अडकल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात प्रत्येकाने पाहिलेली असतात.

त्या रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात एक बाई होत्या. त्यांनी माझ्यासमोरच पट्टी बनवली. हाताच्या खालच्या बाजूने कोपराच्या अलीकडून तळहातापर्यंत जाणारी अॅल्युमिनियमची पट्टी, मनगट किंचित मागे झुकलेले, आणि तळहातावरील आडव्या रेषेच्या पुढे सर्व मोकळे. बोटांच्या पहिल्या पेराभोवती चामड्याच्या कड्या. त्या कड्यांना रबरबँड, आणि ते खालून ओढून धरण्यासाठी सायकलच्या चाकाची तार वाकवून केलेला आकडा. रबरबँड बोटांना सतत तळहाताकडे ओढणार. मी बोटे वर उचलली तर ती उचलली जाणार, आणि सोडली की पुन्हा खाली येणार. साधी आधारपट्टी सांध्याला एका जागी धरून ठेवते. ही ओढत राहते, म्हणून ती गतिशील.

ओढ किती असावी, ते त्यांनी स्प्रिंगच्या छोट्या काट्याने मोजले. एका बोटाला साधारण दोनशे ग्रॅम. पाव किलोहूनही कमी. मला ते खरेच वाटेना. फळीसारखे झालेले बोट एवढ्याशा ओढीने कसे वाकेल? दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती दिशेची. ओढ पेराच्या हाडाशी काटकोनात असली पाहिजे. ती तिरकी झाली तर बळ सांधा वाकवण्याऐवजी त्याला दाबण्यात किंवा ओढून विलग करण्यात खर्च होते आणि कडी कातडीत रुतते. बोट जसजसे वाकेल तसतसा तो कोन बदलणार, म्हणून दर आठवड्याला येऊन तार पुन्हा वाकवून घ्यायची. शेवटी त्या म्हणाल्या, "जोर मी मोजून दिला आहे. वेळ तुला द्यावा लागेल. एका बैठकीला अर्धा तास, मग पट्टी काढून मूठ मिटण्या-उघडण्याचा व्यायाम. पुढे बैठक वाढवायची. दिवसाला सहा-सात तास मिळाले पाहिजेत."

सहा-सात तास! आपल्या वसतिगृहाचा दिनक्रम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ कळेल. पहाटे उठणे, हौदावरून पाणी आणणे, खोली झाडणे, वंदना, नाश्ता, शाळा, दुपारी कपडे धुणे, पाळी असेल तर स्वयंपाकघरात मावशींना मदत, सायंकाळी पुन्हा वंदना, मग अभ्यासिका. पट्टी चढवली की उजवा हात त्या वेळेपुरता गेलाच. मी बाईंना सांगितले, "एवढा वेळ माझ्याजवळ नाही." अधीक्षिकाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत.

त्याच रात्री माझ्या खोलीतील चौघींनी आपसांत वाटणी करून टाकली. ती त्यांनी मला विचारून केली नाही. एकीने माझे पाणी घेतले, दुसरीने कपडे आणि ताट, तिसरीने वेणी-फणी व खोलीची पाळी. चौथी माझ्याच वर्गातील, बाकावर शेजारी बसणारी. तिने दुकानातून कार्बन पेपर आणला आणि दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या वहीच्या पानाखाली तो ठेवून लिहू लागली. खालचे निळे पान माझे. वर्गात माझा हात पट्टीत असे, मी ऐकत असे, आणि माझ्या टिपणांची वही तिच्या अक्षरात भरत जाई. कार्बन उमटावा म्हणून तिला पेन दाबून लिहावे लागे. तिच्या मधल्या बोटावर घट्टा पडला, तो मी पाहिला होता.

पहिल्या दोन आठवड्यांत बोट २० अंशांवरून ३५ वर आले. चौथ्या आठवड्याला ५० झाले. रोज पाहणाऱ्याला काहीच दिसत नसे. कोनमापकाला मात्र दिसे.

फेब्रुवारीच्या आरंभी माय आली. एका दिवसाचा खाडा आणि दोन रात्रींचा एस.टी.चा प्रवास करून ती आली होती. व्हरांड्यात बसून तिने पट्टीकडे पाहिले, रबरबँडकडे पाहिले. हाताला स्पर्श केला नाही. बराच वेळाने विचारले, "लई दुखतं का?" मी नाही म्हणाले. "वाकंल का गं पयल्यासारखं?" मी पट्टी काढून जितकी मिटत होती तितकी मूठ मिटून दाखवली. ती अर्धीच मिटली. माय म्हणाली, "माझ्या हातानं गेला बघ तुझा हात." आणि पदराने तोंड झाकून घेतले. दुपारच्या गाडीने ती परत गेली. दुसरा खाडा तिला परवडणारा नव्हता.

त्या रात्री मी एक चूक केली. मायच्या पुढच्या भेटीपर्यंत पूर्ण मूठ मिटलीच पाहिजे, असे मनाने घेतले. मी प्रत्येक कडीला दोन-दोन रबरबँड अधिक लावले आणि पट्टी रात्रभर तशीच ठेवली. दुखत होते. दुखते म्हणजे काम होत आहे, अशी समजूत करून घेतली. सकाळी बोटे तांबडी झाली होती, सुजून फुगली होती आणि कडीखालची कातडी पांढरी पडली होती. चार दिवस पट्टी बंद ठेवावी लागली. सूज उतरल्यावर मोजले तर सांधा ४० अंशांवर मागे आला होता. परीक्षेच्या तोंडावर मी १० अंश गमावले होते.

रुग्णालयातील बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला एक खूण शिकवली, ती मी आजही माझ्या प्रत्येक रुग्णाला शिकवते. पट्टी काढल्यावर कातडीवरचा तांबूसपणा वीस मिनिटांच्या आत गेला पाहिजे. न गेल्यास ओढ किंवा दाब जास्त आहे. ताण जाणवावा, वेदना होऊ नयेत. सायंकाळच्या वंदनेनंतर सोण कोळिविस या भिक्खूची कथा आम्ही अनेकदा ऐकलेली होती. तळपाय रक्ताळेपर्यंत चंक्रमण करणाऱ्या त्या पूर्वाश्रमीच्या वीणावादकाला तथागतांनी वीणेच्या तारांविषयी विचारले होते. फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. आतापर्यंत मी ती कथा परीक्षेतील उत्तरासारखी पाठ म्हणत असे. सुजलेला हात मांडीवर घेऊन बसले, तेव्हा ती मला पहिल्यांदा समजली.

चौघींना मी काय केले ते सांगितले. पाणी भरणारी मैत्रीण एवढेच म्हणाली, "आम्ही घाई केली का? मग तू का करतेस?"

लेखनिक घ्यावा की नाही, यावर शाळेत चर्चा झाली. मुख्याध्यापक सरांनी अर्जाचा नमुना आणून ठेवला होता. फेब्रुवारीच्या अखेरीस सांधा ६० अंशांवर आला. पेनाभोवती कापडाची पट्टी गुंडाळून ते जाड केले तर माझ्या बोटांत राहू लागले. मी स्वतःच्या हाताने परीक्षा दिली. अक्षर वाईट आले, इतिहासाच्या पेपरात शेवटचा प्रश्न राहिला. परंतु उत्तीर्ण झाले. मे अखेर सांधा ८० अंशांपर्यंत गेला. पुढचे १० अंश कधीच आले नाहीत आणि त्यांच्यावाचून माझे काही अडलेही नाही.

कार्बन पेपरवाली माझी मैत्रीण मात्र गणितात नापास झाली.

ऑक्टोबरच्या परीक्षेत तिचा विषय सुटला. पुढे तिचे शिक्षण बारावीनंतर थांबले. आज ती तिच्या गावी अंगणवाडी सेविका आहे. तिने माझ्यासाठी दाबून लिहिलेल्या त्या पानांत, माझ्यासाठी थांबलेल्या त्या संध्याकाळींत तिच्या गणिताचे तास गेले का, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळत राहिला. एकदा धीर करून विचारले. ती हसली आणि म्हणाली, "गणित मला पाचवीपासूनच येत नव्हतं गं." हे खरे असेल. माझे समाधान व्हावे म्हणूनही ती तसे म्हणाली असेल. मी त्यावर पडदा टाकला नाही, आणि या लेखातही टाकत नाही.

दहावीच्या त्या उन्हाळ्यात मी ठरवले, की रुग्णालयातील बाईंसारखे व्हायचे. व्यवसायोपचार हा विषय आपल्याकडे अजूनही पुष्कळांना अपरिचित आहे. भारतात त्याचे शिक्षण सुरू झाले ते आपल्याच राज्यात. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी या विषयाचे विद्यालय सुरू केले. त्या मूळच्या अमेरिकन, जन्मनाव एलिझाबेथ लंडी. पुढे भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने चालते.

महाविद्यालयात मला माझ्या पट्टीचे उत्तर सापडले. दोनशे ग्रॅमने फळीसारखे बोट कसे वाकते? डॉ. पॉल ब्रँड हे तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले शल्यचिकित्सक. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम केले. वर्षानुवर्षे आखडलेली बोटे ते शस्त्रक्रियेपूर्वी प्लास्टरच्या नळ्यांमध्ये धरीत आणि थोड्या थोड्या दिवसांनी प्लास्टर बदलून ती किंचित अधिक सरळ करीत नेत. जिवंत ऊती रबरासारखी ताणून लांब होत नाही. तिला सौम्य ताणात पुरेसा काळ ठेवले, तर ती त्या लांबीला अनुसरून नव्याने वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे पट्टी बोट ओढून लांब करीत नाही. ती शरीराला वाढायला कारण देते, आणि वाढ तर वाढीच्या वेगानेच होणार.

मग १९९४ मधील एक अभ्यास वाचनात आला. केनेथ फ्लॉवर्स आणि पॉल लास्टायो या दोघांनी बोटांचे आखडलेले मधले सांधे त्यांच्या हालचालीच्या शेवटच्या मर्यादेवर प्लास्टरमध्ये धरून ठेवले, एका टप्प्यात तीन दिवस आणि दुसऱ्या टप्प्यात सहा दिवस. सहा दिवसांनी मिळालेली हालचाल तीन दिवसांच्या मानाने अधिक होती. सांधा मर्यादेच्या टोकाला एकूण किती काळ राहिला, यावर लाभ अवलंबून असतो. वाचता वाचता मी थबकले. जोर मी मोजून दिला आहे, वेळ तुला द्यावा लागेल, असे त्या बाई म्हणाल्या होत्या. तो वेळ मी दिलाच नव्हता. तो माझ्याजवळ नव्हताच. तो चौघींनी दिला होता.

हे कळूनही मी पुढे एकदा विसरले, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी चुकवली. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आल्या. धुणीभांडी करणाऱ्या, तीन मुलांच्या आई. मनगटाजवळ काच लागून बोटे मिटणारे स्नायुबंध तुटले होते. शस्त्रक्रिया झाली होती, पण मधली बोटे आकड्यासारखी वाकून आखडली होती. आता माझ्याजवळ चांगले साहित्य होते, गरम पाण्यात मऊ होऊन हातावर काही मिनिटांत आकार घेणारे प्लास्टिक. मी सुबक पट्टी बनवली, ओढ मोजली, कोन साधला, वेळापत्रक लिहून दिले. दुसऱ्या भेटीला त्यांनी पिशवीतून पट्टी काढली. ती कोरी होती. तिसऱ्या भेटीला तसेच. मी त्यांना बोलले, आणि त्यांच्या कागदावर 'रुग्ण सहकार्य करीत नाही' असे लिहिले. त्या पुन्हा आल्या नाहीत.

वर्षभराने त्या मला बाजारात दिसल्या. बोटे तशीच होती. मी चौकशी केली, तर म्हणाल्या, "ताई, ती घालून भांडी कशी घासणार? आणि नाही घासली तर खाणार काय?" मी त्यांना पट्टी दिली होती. ती घालायला लागणारा वेळ कोठून येणार, हे मात्र मी विचारले नव्हते. ज्या मुलीचे पाणी दुसरीने भरले होते, तिला हे विचारायचे सुचू नये, याची मला आजही लाज वाटते. कालांतराने ती बोटे पट्टीच्या आवाक्याबाहेर गेली होती.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी कोनमापक हातात घेण्यापूर्वी विचारते: घरी पाणी कोण भरते? स्वयंपाक कोण करते? रोजंदारी बुडेल का? मग दुसऱ्या भेटीला त्या दुसऱ्या माणसाला सोबत बोलावते. सासू, नवरा, मुलगा, शेजारीण, जो कोणी असेल तो. पट्टीचे वेळापत्रक मी त्यांच्या हाती देते. दिवसा जमणारच नसेल, तर रात्री हात एका जागी धरून ठेवणारी साधी पट्टी देते आणि दिवसा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका शोधते. सर्वांच्या बाबतीत यश येत नाही. पण कोरी पट्टी पिशवीतून परत येण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे.

माजी विद्यार्थी आणि पालक हा लेख वाचतील, म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगते. प्लास्टर कधी काढायचे, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वी मराठीत लिहून घ्यावे. प्लास्टरबाहेर असलेली बोटे, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहावे. मात्र जोडलेला स्नायुबंध असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच. प्लास्टर निघाल्यावर सांधा आखडलेला दिसला तर वाट पाहू नये. पहिल्या काही महिन्यांत व्रण कोवळा असतो, तो ऐकतो. कोपर, गुडघा, मनगट यांच्यासाठीही स्प्रिंगच्या किंवा रबराच्या ओढीच्या पट्ट्या मिळतात, परंतु कोणती, किती ओढीची आणि केव्हापासून, हे तज्ज्ञानेच ठरवावे. आत हाडच आडवे आले असेल, तर कोणतीही पट्टी ते हलवू शकत नाही आणि ओढत राहिल्याने अपाय होतो. आणि घरात कोणाच्या हातावर अशी पट्टी असेल, तर त्या माणसाला 'किती दिवस झाले, अजून वाकत नाही?' असे विचारू नये. त्याचे ताट उचलून न्यावे.

माय आता थकली आहे. कोयता सुटून बारा वर्षे झाली. मी गावी गेले की ती अजूनही एकदा माझा उजवा हात हातात घेते आणि म्हणते, "मीट बघू." मी मूठ मिटते. ती बोटांच्या सांध्यांवरून अंगठा फिरवते आणि हात सोडून देते. आम्ही दोघी त्याविषयी याहून अधिक बोलत नाही.

त्या चौघींची नावे मी येथे दिलेली नाहीत. त्यांनीच तशी ताकीद दिली आहे. त्यांच्यापैकी तिघी या वर्षीच्या स्नेहमेळाव्याला येणार आहेत. मी कपाटातील पट्टी सोबत आणणार आहे. आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना ती पाहायची असेल, तर त्यांनी ती हाताळून पाहावी आणि रबरबँडची ओढ किती कमी असते याचा अनुभव घ्यावा. नवे रबरबँड मी लावून आणीन.